आमच्या घरची तलाठी

आमच्या घरात दिवसभर दोन वाक्यं फिरत असतात. पहिलं, 'तो मोबाईल ठेव बरं खाली.' दुसरं, 'जरा हे करून दे बरं.' दोन्ही वाक्यं बोलणारं तोंड बहुधा एकच, म्हणजे माझं नाहीतर बायकोचं. दोन्ही ऐकणारे कानही एकच, आमच्या नववीतल्या लेकीचे. पहिलं वाक्य संपून दुसरं सुरू होईपर्यंत कधीकधी चहासुद्धा गाळून होत नाही. लेक बिचारी मोबाईल खाली ठेवायला हात नेते आणि तो हात तसाच अधांतरी थांबवते. तिला अनुभवानं माहीत आहे, की लाईटबिल अजून भरायचं आहे.

आम्ही राहतो बुलढाण्यात, म्हणजे घाटावर. माझे आईवडील, म्हणजे लेकीचे आबा आणि आजी, राहतात जळगाव जामोद तालुक्यातल्या आमच्या गावी, म्हणजे घाटाखाली. आमच्या जिल्ह्यात माणूस आधी घाटावरचा की घाटाखालचा ते विचारतात, नाव-गाव मागून. वर हवा थंड, खाली कापूस आणि ऊन. मधे राजूरचा घाट. तिथं एसटी पोचली की फोनवर बोलणारा माणूस 'हॅलो, हॅलो' करत दरीत उतरतो तो मोताळ्याच्या अलीकडे कुठंतरी पुन्हा वर येतो. आमच्या घरातला निम्मा गैरसमज या घाटात तयार झालेला आहे.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिच्या खात्यात हल्ली शिकवणं उरलेल्या वेळात करायचं असतं. मुख्य काम लिंक भरण्याचं. वरून लिंक येते, 'आजच्या आज भरावी' अशी ओळ खाली असते, आणि 'आजच्या आज' हे बहुधा रात्री साडेनऊला उगवतं. किती झाडं लावली, त्यांचे फोटो. किती मुलांनी हात धुतले, त्यांचे फोटो. एकदा हात धुण्याचे फोटो झाडांच्या लिंकवर चढले, आणि 'उत्कृष्ट' असा अंगठाही परत आला. हे चढवणंही लेकीच्याच हस्ते होतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. त्यामुळे चालू काळाशी माझा संबंध बेताचाच.

अशा घरात कारभार कुणाकडे जाणार? आबांची पीएम किसानची ई-केवायसी, आजीचं आधार, गॅसचा नंबर, एसटीचं आरक्षण, माझ्या बँकेचा पासवर्ड, सगळं लेकीच्या डोक्यात. त्या पासवर्डात आबांच्या एका वारलेल्या म्हशीचं नाव आहे, मधे एक आकडा आहे आणि शेवटी एक चिन्ह आहे, एवढं मला ठाऊक आहे. चिन्ह कुठलं ते ती सांगत नाही. 'तुम्ही कागदावर लिहून पाकिटात ठेवाल,' म्हणते. माझा पगार माझ्या नावावर जमा होतो, पण दर्शनाला मला लेकीकडून पास घ्यावा लागतो.

थोरला पुण्यात शिकतो. त्याने 'लास्ट सीन' बंद करून ठेवलं आहे. यावरून एक आठवण निघते. यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला होता. गळ्यात रेडिओ कॉलर. मधे तेलंगणातही डोकावून, तेराशे किलोमीटरहून जास्त पायपीट करून तो २०१९ च्या डिसेंबरात आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्या वाघाने कुठला नाला ओलांडला आणि कुणाच्या कपाशीत दुपार काढली, हे वनखात्याला उपग्रहावरून कळत होतं. आमचा वाघ मेसमध्ये जेवला की नाही हे कळायला त्याच्या आईला त्याच्या मित्राच्या बहिणीचं स्टेटस बघावं लागतं. कॉलरचा विषय तिने जेवताना एकदा काढलाही होता.

असो. लेकीचं खरं राज्य सुरू होतं खरिपात. राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. त्याआधी सातबाऱ्यातल्या बाराची, म्हणजे पिकाची नोंद तलाठी करत असे. शास्त्र असं, की तलाठ्याने शिवारात फिरून पीक पाहावं. रीत अशी, की तलाठ्याने ओट्यावर बसून पीक ऐकावं. 'यंदा काय पेरलं?' 'पऱ्हाटी.' 'मागच्या साली?' 'पऱ्हाटीच.' 'बरं.' चहा येई, पाहणी संपे. आता सरकारने घोषवाक्य काढलं, 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीक पेरा.' यातला 'मी' म्हणजे आबा, अशी सरकारची समजूत. आबा जुनी चौथी पास आहेत आणि मोबाईलचा त्यांना येणारा एकमेव प्रयोग म्हणजे तो कानाला लावणं. तेव्हा गेल्या सालीही पाहणीची तारीख लागताच त्यांचा फोन आला. मला नाही, लेकीला. 'बाई, रविवारी येजो. बापाले आन हवं तर संगं.'

मी हवा होतो, कारण छत्री धरायला कुणीतरी लागतं. भर दुपारी वावरात मोबाईलचा पडदा दिसत नाही, नुसता आपला घामेजलेला चेहरा दिसतो. म्हणून मी छत्री धरून, लेक छत्रीखाली मोबाईल धरून, आणि आबा पुढे, अशी आमची दिंडी सोयाबीनमधून निघाली. आदल्या रात्री पाऊस झाला होता. काळी माती एकदा चपलेला लागली की चप्पल आपली राहत नाही. आबा बांधावर थांबले.

'हितूनच काढ.'

'इथून नाही चालत आबा. ॲपला कळतं आपण वावरात आहोत का बाहेर.'

'आमचा तलाठी कधी बांधाच्या आत आला नाई. ह्या मोबाईललेच काहून चिखलात जा लागते?'

गेलो. लेकीने मोबाईल वर केला आणि पुन्हा खाली घेतला.

'आबा, जरा बाजूला व्हा ना.'

'काहून?'

'फोटोत तुम्ही येताय.'

'मंग? वावर कोनाचं हाय?'

'वावर तुमचंच आहे. पण फोटो पिकाचा पाहिजे.'

आबा त्या दिवशी धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी आणि लग्नकार्याचा सदरा घालून आले होते. 'म्या पेरलं, म्या निंदलं, म्या फवारलं,' ते म्हणाले, 'अन् फोटो सोयाबीनचा?' सरकारच्या बाजूने उत्तर द्यायला तिथं कुणी नव्हतं. लेकीने दोन फोटो काढले, एक सरकारला, एक आबांना. सरकारच्या फोटोतही डाव्या कोपऱ्यात टोपीचं टोक आलंय. ते तसंच अपलोड झालं.

मग खरी पंचाईत. सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक होतं आणि ॲपला ते हेक्टर-आरमध्ये हवं होतं. आबांचा हिशोब तासांचा, म्हणजे पेरणीच्या ओळींचा. सोयाबीनचे सहा तास, तुरीचे दोन, पण विहिरीकडच्या अंगाला चार-एक, कारण तिथं तिफणीवर आमचे एक काका होते आणि त्यांचं लक्ष नव्हतं. लेक बांधावर बसली. कंपासपेटी आणली नव्हती, तुरीच्या काडीने तिने ओल्या मातीत आकडेमोड मांडली. गुणोत्तर आणि प्रमाण हे प्रकरण तिला शाळेत त्याच महिन्यात लागलं होतं आणि घटक चाचणीत त्यात तिला जेमतेम मार्क होते. इथं आबा डोक्यावर उभे राहून विचारत होते, 'अन् काकाचे तास कोठी धरले?' ते उत्तर तिला पुस्तकाच्या पाठीमागे सापडणार नव्हतं. तिने काढलं. विहीर नोंदवली, बांधावरचा निंब नोंदवला. आबांना निंबाच्या शेजारी त्यांच्या वडिलांनी लावलेला आंबाही नोंदवायचा होता. तो वाळून गेला त्याला बरीच वर्षं झाली. 'बुंधा हाय ना,' आबा म्हणाले. बुंध्याला ॲपमध्ये जागा नव्हती.

रेंज मिळाली मारुतीच्या पारावर. तिथं माहिती चढेस्तोवर बातमीही चढली. एकाच मोबाईलवरून बऱ्याच खातेदारांची नोंद करता येते, हे कळल्यावर पाराभोवती मंडळी जमली. 'बाई, आमचंबी करून देजो.' 'आमचं वावर काय जवयच हाय.' आमच्याकडे जवळ असलेलं वावर अर्धा तास चालल्यावर येतं. दिवस मावळेपर्यंत लेकीने निम्मा शिवार पालथा घातला. मी त्याच गावात वाढलो, त्याच शिवारात बोरं चोरली. पण कुणाचा बांध कुणी दोन तास आत सरकवला, कोणत्या भावाने कोणत्या भावाशी विहिरीवरून बोलणं टाकलं, हे मला कधी माहीत नव्हतं. तिला एका दुपारात कळलं. गट नंबर विचारला की माणसं आपोआप इतिहास सांगतात. मी वर्षभर वर्गात उभा राहून एवढा इतिहास कुणाच्या तोंडून काढू शकलो नाही. शुल्क म्हणून मक्याची कणसं, हिरव्या मुगाच्या शेंगा आणि एका काकूंकडून अख्खा भोपळा जमा झाला. भोपळा मी उचलला.

रात्री घरी आल्यावर ती पाय पसरून पलंगावर बसली आणि तिने एक रील लावलं. मी लगेच म्हणालो, 'ठेव तो खाली. दिवसभर तेच चाललंय तुझं.'

या कारभाराची मुळं २०२० मध्ये आहेत. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती तिसरीत होती. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हणत अभ्यास व्हॉट्सॲपवर येऊ लागला. पुढे जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली. टाळेबंदीत आबा-आजी आमच्याकडेच अडकले होते. घरात मोबाईल दोन. एकावर माझा वर्ग, दुसऱ्यावर बायकोचा, आणि लेकीचा वर्ग जो मोबाईल उरेल त्यावर. म्हणजे कुठल्याच नाही. शेवटी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, जिथं रेंजच्या चारही दांड्या उभ्या राहतात, तिथं सतरंजी पडली. आजी शेजारी सांडगे घालायला बसे. आजी शाळेत फार गेलेली नाही. पण त्या उन्हाळ्यात तिने आख्खी तिसरी ऐकली. बाईंनी पलीकडून प्रश्न विचारला, की तिकडच्या तीस-चाळीस घरांतून काही उत्तर येत नसे. आमच्या गच्चीवरून आजीचा खणखणीत आवाज जाई, 'सात चोक अठ्ठावीस!' 'कोण आहे ते? माईक बंद करा बरं,' असं बाई म्हणत. 'मास्तरीन बरी हाय,' आजीचं मत, 'पन उत्तर आलं की गप करते.'

त्याच वर्षी जूनमध्ये आमच्या जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर गुलाबी झालं. जगभर फोटो फिरले. आम्ही त्याच जिल्ह्यात, पण घराबाहेर पडायची चोरी. आम्हाला आमचं तळं अमेरिकेतल्या एका मावसभावाने पाठवलं. मग घरच्या ग्रुपवर संशोधन सुरू झालं. एका काकांच्या मते हा लवणासुराचा प्रताप, एका मामांच्या मते चीनचा. एका भाच्याने फोटोच खोटा ठरवला. काही दिवसांनी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून सांगितलं, की हा खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा रंग. हे लेकीने ग्रुपवर टाकलं. त्यावर कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने लवणासुराच्याच काकांनी गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' पाठवलं. तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते.

मोबाईल पुस्तकांतही शिरला तो असा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी शाळेच्या पुस्तकांना क्यूआर कोड लावायची कल्पना काढली, ती पुढे बालभारतीच्या पुस्तकांत आली आणि २०२० च्या डिसेंबरात गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. आमच्या घरात या कोडाचं स्वागत आजीने केलं. तिने तो चौकोन आधी पानटपरीवर, मग भाजीवाल्याच्या हातगाडीवर पाहिला होता. नातीच्या पुस्तकात पाहिल्यावर तिने चष्मा वर केला. 'धड्यालेबी पैसे द्या लागतात का वो आता? अन् जातात कोनाच्या खात्यात?' नातीने कोड उघडून चित्रफीत दाखवली. आजीने पाहिली, पण पैशांविषयीचा संशय ठेवूनच.

आजीचा स्वतःचा मोबाईल म्हणजे थोरल्याने टाकून दिलेला. त्यावर ती दासगणूंची 'गजानन विजय' पोथी ऐकते, शेगावच्या महाराजांची. एकवीस अध्याय. मोबाईलशी ती बोलून काम घेते. 'अवं बाई, महाराजाची पोथी लाव.' मोबाईल म्हणतो, समजलं नाही. 'काहून समजत नाई? ऐकू येत नाई का तुले?' पुढचं बोलणं मी लिहीत नाही, पण आमच्याकडे सुना अशाच तयार झाल्या. शेवटी पोथी लागते. आजी हात जोडून डोळे मिटते. अध्याय रंगात येतो आणि एकाएकी एक बाई उत्साहाने सांगू लागते, की कागदपत्रांशिवाय पाच मिनिटांत कर्ज मिळेल. आजीचे हात जोडलेलेच. लेकीने तिला 'स्किप' कुठं दाबायचं ते दाखवलं होतं. आजी म्हणाली, 'पोथी चालू असताना मधी हात सोडत नाई.' तेव्हा आमच्या घरी महाराजांबरोबर त्या कर्जवालीलाही रोज नमस्कार पोचतो.

आबांचा विश्वास मात्र भेंडवळवर. भेंडवळ आमच्याच तालुक्यात. अक्षय तृतीयेला संध्याकाळी तिथं वावरात घट मांडतात, घागर, मातीची ढेकळं, भोवती धान्यं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहून पावसाचं आणि पिकांचं भाकीत सांगतात. तिथं जाऊन ऐकणारे आबा आता ते मोबाईलवर ऐकतात, कारण सूर्य पुरता वर यायच्या आत भाकीत चारचार ग्रुपांवर येतं, आणि ग्रुपागणिक पाऊस वेगळा असतो. लेकीने एका साली वहीत रकाने पाडले, भेंडवळ, हवामान खातं, मोबाईलमधलं ॲप, आणि आबांच्या गुडघ्याचं दुखणं. निकाल सांगण्याची मला घरातून परवानगी नाही. गुडघा अजून घरात वावरतो.

मधे बायकोने बातमी वाचली. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये ठरवलं, की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद, पोरांनी अभ्यास करायचा. त्याच वर्षी आमच्याच विदर्भात, पुसद तालुक्यातल्या बांशीच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंदीचा ठराव केला. बायको पेटली. भोंगा नव्हता, म्हणून परात आणि लाटणं. सातला परात वाजली की सगळे मोबाईल दिवाळीच्या फराळाच्या पितळी डब्यात. वर झाकण. पहिल्या संध्याकाळी आम्ही तिघं डब्याकडे तोंड करून बसलो. डब्यात एक फोन घुरघुरला. डबा पितळी, त्यामुळे सबंध घर घुरघुरलं. 'आबांचा आहे,' लेक आवाजावरून म्हणाली. 'असू दे,' बायको म्हणाली. पुन्हा घुरघुर. तिसऱ्यांदा शेजारचे कुलकर्णीकाका डोकावले, 'मिक्सर बिघडला का?'

झाकण काढावं लागलं. आबा गावातल्या सेवा केंद्रात उभे होते, मशीन सुरू होतं, ओटीपी आला होता, तो नातीला विचारल्याशिवाय तिथल्या पोराला सांगायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

'आबा, मला सांगा ओटीपी. मी इथून भरते.'

'नाई.'

'नाही म्हणजे?'

'कोनालेच सांगाचा नाई. तूच म्हनली होती मांगच्या येळी.'

'अहो, मला सांगायचा!'

'तूच हाय कशावरून? आवाज काय, कोनीबी काढते.' मग त्यांनी परीक्षा घेतली. घरच्या म्हशीचं नाव विचारलं. लेकीने सांगितलं. आबा समाधानाने आकडे सांगू लागले, तोवर मुदत संपली. त्यांना तीनदा कौतुकाने 'शाब्बास' म्हणत आम्ही नवा ओटीपी मागवला. त्या दिवशी माझ्या बँकेच्या पासवर्डातली म्हैसही बदलावी लागली, कारण म्हशीचं नाव सेवा केंद्रातल्या सगळ्या रांगेने ऐकलं होतं. परातीचा कार्यक्रम आजही चालू आहे. फक्त सात ते साडेआठ या वेळात डबा उघडा असतो.

आता पुढल्या जूनमध्ये लेक दहावीत जाणार. दहावीला मोबाईल बंद, असा ठराव आम्ही एकमताने केला आणि लगेच घरात दुष्काळ पडल्यासारखी चर्चा सुरू झाली. आबांची पाहणी कोण करणार? मी हात वर केला. घाटाखालून फोनवरच नकार आला, 'तुह्यं राहू दे, तू छत्री धर.' बायकोपाशी तिच्याच लिंका उरतात. थोरला दिसतच नाही. तेव्हा लेकीने स्वतःच वारस नेमला. आजी. गेल्या दिवाळीपासून शिक्षण सुरू आहे. संदेश कुठला, पाठवणाऱ्याचं नाव कुठलं, आकडा कुठला, हे आजीला नीट ओळखता येतं. पाढ्यांमुळे आकड्यांशी तिची मैत्री आहेच. प्रश्न एकच उरलाय. परवा लेकीने इथून फोन केला, 'आजी, आकडा आलाय ना, तो सांग. हळू सांग, फक्त मला.'

आजीने गच्चीवरच्या आवाजात सुरुवात केली, 'चार... आठ... शून्य...'

'आजी, हळू! कुणी ऐकेल!'

'बरं. एक... नऊ...'

आणि फोनमधून, भिंतीपलीकडून, शेजारच्या काकूंचा आवाज स्पष्ट आला, 'अवं, एकाच्या आधी सात ऱ्हायला! आत्ताच तिसऱ्यांदा आला तो, सातच हाय त्यात!'